गोरीच्या भाटावर कोणी नाही

फलकावर आपला फोटो यावा अशी आपली कधीच इच्छा नव्हती, असं हरेश्वर हल्ली सांगत असतो. ते साफ खोटं आहे. फोटो काढायच्या दिवशी त्याने पेटीतला पांढरा सदरा बाहेर काढला होता, लाल टोपी नवी घेतली होती, आणि एकदा फोटो निघाल्यावर 'डोले मिटले माझे, परत काढ' असंही फोटोवाल्याला त्यानेच बजावलं होतं. आता तो फोटो मालाडच्या खाडीकाठी, खाजणदांडा गावाच्या बांधावर, माणसापेक्षा मोठा होऊन उभा होता. एका बाजूला रोहित पक्ष्यांचा थवा, दुसऱ्या बाजूला होडीच्या नाळेवर हात ठेवून हसणारा हरेश्वर, खाली 'स्थानिक मच्छीमारांच्या सहकार्याने', आणि त्याच्याही खाली लाल अक्षरांत 'गाभा क्षेत्र. प्रवेश निषिद्ध.'

बांधावरून गोरीच्या भाटाकडे उतरणारी पायवाट नेमकी त्या फलकाच्या मागून जायची. पूर्वी ओहोटी लागली की गावातल्या बायका लुगड्याचा काचा मारून, डोक्यावर पाट्या घेऊन त्या वाटेने चिखलात उतरायच्या आणि शिवल्या, चिंबोऱ्या, निवट्या असं चिखलातलं म्हावरं घेऊन वर यायच्या. आता त्याच बायका सकाळी फलकासमोरून बसथांब्याकडे जात. कोणी मालाडच्या टॉवरमध्ये भांडी घासायला, कोणी बाजारात दुसऱ्याची मासळी साफ करायला. जाता जाता एखादी फोटोतल्या हरेश्वरकडे बघायची. खऱ्या हरेश्वरकडे मात्र कोणी बघत नव्हतं, आणि त्यालाही ते बरंच वाटत होतं.

गोरीचा भाट म्हणजे खाडीतला चिखलाचा मोठा पट्टा. भरतीला तो बुडतो, ओहोटीला उघडा पडतो. हरेश्वर जन्मापासून त्याच्या शेजारी राहिला, पण त्याने तो कायम होडीतून पाहिला, आणि होडी भरतीशिवाय तिथे जात नाही. म्हणजे त्याच्या लेखी गोरीचा भाट म्हणजे पाणी. चिखल बायकांचा. पुरुषाने चिखलात उतरावं अशी खाजणदांड्याची रीत नव्हती, आणि चिखलातून वर आलेलं कालवण मात्र सगळे पुरुष बोटं चाटून जेवत, ही रीत होती.

आता मूळ प्रकरण. हरेश्वरच्या लग्नाच्या सुमारास खाडीकाठचं तिवरांचं रान सरकारने राखीव केलं होतं. राखीव म्हणजे झाडं तोडायची नाहीत, एवढंच. मधल्या काळात जगभरचे शहाणे लोक म्हणू लागले की नुसती झाडं राखून भागत नाही. दूरदेशीचे पक्षी येतात ते झाडांसाठी नव्हे, झाडांपुढच्या चिखलासाठी. तेव्हा जुनी राखीव क्षेत्रं पुन्हा तपासायची, हद्दी नव्याने आखायच्या असं ठरलं. जिथे पक्षी फार आणि माणसाचा वावर नाही, तो गाभा, तिथे कोणीही जायचं नाही. जिथे माणसाचा वावर आहे, तिथे त्या माणसांना विचारून नियम करायचे. यात वाईट काहीच नव्हतं. नियमात माणूस होता. खाजणदांड्याच्या बाबतीत विचारायचं कोणाला, एवढाच प्रश्न होता, आणि मच्छीमार सोसायटीचा माजी चेअरमन म्हणून सरकारी लोकांनी हरेश्वरला विचारलं.

तपासणीला मुलुंडहून मृणालिनी मॅडम आल्या. पक्ष्यांच्या तज्ज्ञ. पायात गमबूट, गळ्यात दुर्बीण, बोलणं मऊ. हरेश्वरला त्यांनी पहिल्याच दिवशी 'काका' म्हटलं आणि हरेश्वर विरघळला. आपली होडी काढून त्याने त्यांना सगळी खाडी फिरवली. गोरीच्या भाटावर आल्यावर मॅडमनी विचारलं की इथे कोणी मासेमारी करतं का. हरेश्वर म्हणाला, नाही, इथे एक जाळं पडत नाही. मॅडमनी पुन्हा विचारलं, मासेमारी सोडा, कुठल्याही कामासाठी कोणी येतं का. वल्हं थांबवून, छाती काढून हरेश्वर म्हणाला, "चिटपाखरू फिरकत नाय."

मॅडम हसल्या, कारण समोर पाण्याच्या कडेला हजारो पाखरं बसली होती. हरेश्वरही हसला. त्या हसण्यात ते उत्तर बुडालं आणि कागदावर जाऊन पुन्हा वर आलं.

पुढे हद्द आखली गेली. मालाडच्या एका सभागृहात समारंभ झाला, हरेश्वरला शाल-श्रीफळ मिळालं, आणि नव्या गाभा क्षेत्राला रक्षक हवा म्हणून त्याचा मुलगा निमेश कंत्राटावर लागला. खाकी कपडे, शिट्टी, ओळखपत्र. दोन वर्षं घरी बसलेला पोरगा कामाला लागला म्हणून हरेश्वरने देवीची ओटी भरली. आणि थंडी सरता सरता, पहिल्या मोठ्या ओहोटीला, त्याच निमेशने शिट्टी वाजवून बांधावर बायकांना अडवलं. त्या बायकांत सगळ्यांत पुढे होती मंजुळा.

मंजुळा म्हणजे हरेश्वरच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ कावीळ होऊन तरुणपणीच गेला. हरेश्वरची बायको गेली तेव्हा निमेश बालवाडीत होता. तेव्हापासून दोन्ही घरांच्या चुली मंजुळाने सांभाळल्या. हरेश्वरची होडी रिकामी परतली त्या दिवशीही कालवण व्हायचं, ते गोरीच्या भाटातल्या शिवल्यांचं. निमेश तिला 'मोठी आई' म्हणतो. त्या दिवशी शिट्टी वाजवून झाल्यावर तो तिच्या समोर नुसता उभा राहिला. शेवटी तिनेच पाटी खाली ठेवली, त्याची वाकडी झालेली कॉलर सरळ केली आणि मागे फिरली. घरी येऊन निमेशने ओळखपत्र खाटेवर फेकलं आणि बापाला म्हणाला, "पप्पा, तुम्ही त्यांना सांगितलं नव्हतं काय, या जातात म्हणून?"

हरेश्वर म्हणाला की त्यांनी मासेमारीचं विचारलं, मी मासेमारीचं सांगितलं. बायकांचं चिखलात जाणं लक्षातच आलं नाही.

हे उत्तर त्याने पुढे बऱ्याच जणांना दिलं. सोसायटीत दिलं, देवळापुढे दिलं, रात्री आढ्याकडे बघत स्वतःलाही देऊन पाहिलं. लोकांना ते पटायचं. पुरुषांच्या लक्षात काय राहतं, म्हणून बायकाही बोटं मोडून गप्प बसायच्या. विसरलेल्या माणसाला माफी असते. पण हरेश्वर विसरला नव्हता, आणि ते गावात त्याच्याखेरीज एकाच माणसाला ठाऊक होतं.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी तो मंजुळाच्या पडवीत गेला होता. ती जाळीच्या पिशवीतल्या शिवल्या धूत होती. इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला की उद्यापासून पाहुणे यायचेत, मोठी माणसं आहेत, दुर्बिणी लावून बसणार, तर तेवढे चार दिवस बायांना भाटात उतरू देऊ नकोस. मंजुळाने कारण विचारलं. त्याने काहीतरी पुटपुटलं, गावाची शोभा, बरं दिसत नाही, असं. मंजुळाचा हात शिवल्यांत थांबला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि 'बरं' म्हणाली, आणि पुन्हा शिवल्या धुवायला लागली.

तिला कारण कळलं होतं. त्याच्या महिनाभर आधी खाडीपलीकडच्या टॉवरमधली काही मंडळी पक्षी बघायला आली होती आणि हरेश्वर त्यांना बांधावरून फिरवत होता. त्याच वेळी भाटातून मंजुळा वर येत होती. कमरेपर्यंत चिखल, तोंडावर चिखल, लुगडं मांड्यांपर्यंत वर, आणि हातात तळव्याएवढी चिंबोरी. तिने लांबून आनंदाने हाक मारली होती, "हरेश्वर, चिंबोरी बघ केवढी हाय!" पाहुण्यांतल्या एका बाईने नाकाला रुमाल लावला. आणि हरेश्वर, ज्याच्या पोराला या बाईने भरवून मोठं केलं तो हरेश्वर, दुसरीकडे बघत पाहुण्यांना रोहित पक्ष्यांची माहिती सांगू लागला. जणू ती हाक दुसऱ्याच कोणाला तरी होती.

त्या रात्री मंजुळाने चिंबोरीचं कालवण नेहमीसारखं त्याच्याकडे पाठवलं होतं. ते त्याने खाल्लंही. त्याची त्याला आजही सगळ्यांत जास्त लाज वाटते.

भाट बंद झाल्यावर तिने कोणाला काही सांगितलं नाही, हे त्याला आधी उपकारासारखं वाटलं. मग हळूहळू त्याच्या कानावर येऊ लागलं की बायका मंजुळावरच उखडल्यात. चार दिवस उतरू नका असं त्यांना तिनेच सांगितलं होतं ना, आणि कारण काय दिलं होतं, तर भाटाला जरा विसावा देऊ. नेमक्या त्याच चार दिवसांत तपासणी झाली. तिचा पुतण्या रक्षक झाला. दोन आणि दोन चार करायला काय लागतं. चंपा नावाची तोंडाची फटकळ बाई तर भर नळावर म्हणाली की पोराच्या नोकरीसाठी हिने गावाचा चिखल विकला. मंजुळाने हंडा भरला आणि घरी गेली. ज्या बायकांबरोबर तिने उभा जन्म चिखलात काढला, त्या आता तिच्याशी बोलेनाशा झाल्या.

हे हरेश्वरला सगळं कळत होतं. बोलायला तो रोज निघायचा आणि रोज निमेशच्या खाकी शर्टापाशी अडायचा. दोरीवर वाळत घातलेला तो शर्ट बघितला की त्याला वाटायचं, आपण तोंड उघडलं तर हद्द बदलेल, गाभा जाईल, पोरगं पुन्हा घरी बसेल. कारण खरं होतं. पण अडण्याचं ते एकच कारण होतं असं तो स्वतःलाही छातीठोक सांगू शकत नव्हता. बसथांब्यावर मंजुळा धुतलेल्या साडीत, हातात डबा घेऊन उभी दिसली की तो गल्ली बदलायचा.

मग बायकांच्या हरकतींवर सुनावणी लागली. शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे अधिकारी, त्यांच्या शेजारी मृणालिनी मॅडम. बायका एका बाजूला गठ्ठ्याने बसल्या होत्या आणि मंजुळा त्याच ओळीत, पण मधली एक खुर्ची रिकामी सोडून. हरेश्वर राखीव क्षेत्राच्या समितीचा सदस्य म्हणून पहिल्या रांगेत होता. निमेश गणवेशात दाराशी उभा होता.

बायकांनी सांगितलं की आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भाटात जातो. अधिकारी चिडले नाहीत. नव्या नियमात पारंपरिक वापराला जागा आहे, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. मग मॅडमनी शांतपणे विचारलं की तपासणीचे चार दिवस प्रत्येक ओहोटीला मी बांधावर दुर्बीण घेऊन बसले होते, तुम्ही रोज जाता, तर मला एकही बाई का दिसली नाही.

मग चंपा उठली. "हिला इचारा. हिनंच सांगितलं, उतरू नका म्हनून."

मंजुळा उभी राहिली. "हो. मी सांगितलं."

"का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"वाटलं," एवढंच म्हणून ती खाली बसली.

हरेश्वरला आपण कधी उठलो ते कळलंच नाही. तो म्हणाला, "वयनीनं नाय. मी सांगितलं तिला. बायांना आवर, चार दिस उतरू देऊ नको, असं मी सांगितलं."

दाराशी निमेशने मान खाली घातली. बायका मंजुळाकडे बघू लागल्या, मग हरेश्वरकडे. मॅडमना माणसाची दया आली असावी. त्या हळूच म्हणाल्या, "काका, पक्षी उडू नयेत म्हणून सांगितलं असेल ना तुम्ही?"

केवढी सोपी वाट होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण इतक्या दिवसांच्या घुसमटीनंतर हरेश्वरला आता अर्धं धुतलेलं नको होतं. त्याला सगळंच ओकून मोकळं व्हायचं होतं.

"नाय," तो म्हणाला. "मला लाज वाटली. चिखलानं भरलेल्या आमच्या बाया, लुगडी वर खोचलेल्या, तुमच्यासमोर… मला लाज वाटली त्यांची. म्हनून कोनी येत नाय असं सांगितलं."

तो खाली बसला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि छाती हलकी झाली होती. किती दिवसांनी श्वास पुरता आत गेला. मॅडमनी मान्य केलं की चूक त्यांचीही आहे, त्या भरतीला होडीतून आल्या आणि विचारलं ते एका पुरुषाला. पुन्हा तपासणी होईल, ओहोटीला, चिखलात उतरून, बायकांना विचारून. भाटाचा गावाकडचा भाग गाभ्यातून वगळता येईल, पलीकडचा पक्ष्यांना राहील. सगळं रीतसर लिहून घेतलं गेलं. टाळ्या मात्र कोणी वाजवल्या नाहीत, आणि बायका नेहमीसारखा गलका न करता, एकमेकींकडे न बघता हॉलबाहेर पडल्या.

हरेश्वरला वाटलं होतं, मंजुळा काहीतरी बोलेल. निदान बघेल. तो तिच्या मागोमाग तिच्या पडवीपर्यंत गेला. निमेश आधीच तिथे पायरीवर बसला होता. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, असं तो बापाला म्हणाला, आणि त्यात राग नव्हता. हरेश्वरला आणखी हलकं वाटलं. तो मंजुळाला म्हणाला की तुझ्यावरचा आळ मला बघवेना, म्हणून बोललो.

मंजुळा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "मला काय ठावं नव्हतं व्हय रं तुझं कारन? त्या संध्याकाली पडवीतच कललं होतं. बायांना का नाय सांगितलं मी? तुझी अब्रू राखायला? तुझ्या अब्रूचं मला काय पडलंय. त्यांना कलू नये म्हनून. माझ्यावर रागावल्या तर रागावू देत, चार महिन्यांनी इसरल्या असत्या. आता हे त्या इसरतील का?"

हरेश्वर पडवीतून एक पायरी खाली उतरला.

"मॅडमनं दोर टाकला होता तुला. पक्ष्यांसाठी म्हनायचंस. भाट तेवढ्यावर पन मिलाला असता." तिचा आवाज चढला नव्हता. "तुझ्या डोक्यावरची पाटी उतरली, हरेश्वर. ती आमच्या डोक्यावर ठेवलीस."

ती आत गेली. दार तिने आपटलं नाही, नुसतं लोटून घेतलं.

पुनर्तपासणीचा दिवस उजाडला तेव्हा आभाळ स्वच्छ होतं आणि ओहोटी मोठी होती. मॅडम गमबूट घालून चालत आल्या. हरेश्वर फलकापाशी उभा होता. आपल्याच फोटोशेजारी उभं राहणं नको म्हणून तो चार पावलं बाजूला सरकला होता, तरी येणारा-जाणारा दोन्ही हरेश्वरांकडे बघतच होता.

मग गल्लीतून बायका आल्या.

चंपाने पोपटी रंगाची, सोनेरी काठाची साडी नेसली होती. लेकीच्या हळदीला नेसली होती ती. कोणाच्या नाकात नथ होती, कोणाच्या गळ्यात ठसठशीत सोनं, सगळ्यांच्या अंबाड्यावर अबोलीचे गजरे. नारळी पौर्णिमेला मिरवणुकीत निघतात तशा नटून त्या निघाल्या होत्या, आणि हातात मात्र रोजच्या चिखलाच्या पाट्या. सगळ्यांच्या शेवटी मंजुळा होती. निमेशने पहिल्या पगारात घेतलेली राईरंगाची साडी तिने आजवर घडी मोडून नेसली नव्हती, ती आज नेसली होती. चंपा तिच्या बरोबरीने चालत होती.

मॅडमनी कौतुकाने विचारलं, आज काही सण आहे का.

"सन नाय," चंपा म्हणाली. "सायब लोक बघनार ना. बरं दिसाया पायजे." हे बोलताना तिने हरेश्वरकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

फलकाच्या मागच्या वाटेने त्या एकेक करून उतरल्या. काठ आधी भिजले, मग निऱ्या, मग गुडघ्यापर्यंत सगळी साडी चिखलाची झाली. कोणी पदर सावरला नाही, कोणी काही वर खोचलं नाही. वर खोचायचंच नाही असं ठरवून आल्यासारख्या त्या चालत होत्या. मॅडम त्यांच्याबरोबर चिखलात उतरल्या आणि कुठे काय मिळतं ते विचारू लागल्या. निमेश बांधावर शिट्टी खिशात घालून उभा होता आणि मोठ्या आईची राईरंगाची साडी काळी होताना बघत होता.

मग मंजुळा वाकली. कोपरापर्यंत हात बिळात घालून तिने ओढला, तर हातात चिंबोरी, नांग्या उगारलेली, तळव्याहून मोठी. हरेश्वरने इतक्या लांबूनही ती ओळखली. मंजुळाने ती उंच धरली आणि बांधाकडे तोंड केलं. हरेश्वर एक पाऊल पुढे झाला. हाक आली तर या खेपेला 'ओ' द्यायचा, सगळ्यांदेखत, मोठ्याने, म्हणून त्याने घसा साफ केला.

मंजुळाने चिंबोरीच्या नांग्या बांधल्या, ती पाटीत टाकली आणि पुढच्या बिळाकडे वळली.